ग्रीडी आणि डीपी: 1 एस्कुदो 20 सेंतावांचा हिशोब

अल्गोरिदम, म्हणजे गणित सोडवण्याच्या ठरावीक पायऱ्या, शिकताना मुलांचा हमखास गोंधळ उडतो तो ग्रीडी आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे डीपी, या जोडीत. दोन्ही पद्धती मोठं गणित लहान गणितांत मोडतात आणि दोन्ही कमीत कमी किंवा जास्तीत जास्त काहीतरी शोधतात. त्यातून ‘ग्रीडी म्हणजे डीपीच, फक्त झटपट’ असा समज घट्ट बसतो. तो मोडायला आपल्या गोव्याची जुनी नाणी पुरेशी आहेत.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, 1958-59 च्या सुमारास, गोव्यात रुपया जाऊन एस्कुदो आला. 1 एस्कुदो म्हणजे 100 सेंताव. नाणी होती 10, 30 आणि 60 सेंतावांची, तशीच 1, 3 आणि 6 एस्कुदोंची. समजा गिऱ्हाइकाला 1 एस्कुदो 20 सेंताव परत द्यायचे आहेत, तेही कमीत कमी नाण्यांत. ग्रीडी पद्धत बसेल ते सर्वांत मोठं नाणं आधी उचलते, म्हणजे 1 एस्कुदो. उरलेल्या 20 साठी 10 ची दोन. झाली तीन नाणी. म्हापशाच्या बाजारातला दुकानदार मात्र 60 ची दोन हातावर ठेवून मोकळा!

डीपी उचललेल्या नाण्याला बांधून राहत नाही. ती लहान रकमांपासून सुरू करून प्रत्येक रकमेचं उत्तर एका तक्त्यात भरत जाते. 10 सेंताव म्हणजे तक्त्यातलं एक घर असं धरलं, तर नाणी होतात 1, 3, 6, 10, 30, 60 आणि आपल्याला हवं 12 वं घर. त्या घरात पोचताना शेवटचं नाणं 1, 3, 6 किंवा 10 यांपैकीच एक असणार. म्हणजे आधीचं घर 11, 9, 6 किंवा 2. या घरांची उत्तरं आधीच भरून ठेवलेली असतात: अनुक्रमे 2, 2, 1, 2 नाणी. त्यातलं सर्वांत लहान 1, त्यात शेवटचं नाणं मिळवलं की 2. बस्स. खर्च म्हणजे प्रत्येक घरापाशी जास्तीत जास्त सहा नाण्यांची तपासणी. रक्कम प्रचंड असेल तर तक्ताही तेवढाच लांबतो, ही डीपीची खरी अडचण.

गंमत अशी की आजच्या 1, 2, 5, 10, 20 रुपयांच्या नाण्यांवर ग्रीडी दरवेळी बरोबर उत्तर देते. म्हणूनच दोन-चार उदाहरणं चालवून ‘सर, ग्रीडी चालते’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 10 ते 110 सेंतावांपर्यंत एस्कुदोच्या नाण्यांवरही ती बिनचूक चालते. घसरते ती पहिल्यांदा 120 वर. ग्रीडी वापरायची तर सिद्धता हवी.

ती सिद्धता कशी असते? फोंड्यातल्या एखाद्या नाट्यगृहाचं एका दिवसाचं बुकिंग घ्या. तीन अर्ज आलेत: 9 ते 11, 10 ते 2 आणि साडेअकरा ते दीड. जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचे असतील तर नियम सोपा: जो सर्वांत आधी संपतो तो घ्या, मग त्याच्याशी न भिडणाऱ्यांत जो आधी संपतो तो. इथे पहिला आणि तिसरा बसतात. हे नेहमी बरोबर का? कोणतंही उत्तम वेळापत्रक घ्या आणि त्यातला पहिला कार्यक्रम काढून त्या जागी सर्वांत आधी संपणारा ठेवा. पुढच्यांना धक्का लागत नाही, संख्याही कमी होत नाही. या अदलाबदलीवरच ग्रीडी उभी असते.

आता भाडं आणा: पहिल्याचं 2000, तिसऱ्याचं 3000, मधल्या लांबलचक कार्यक्रमाचं 9000. नियम तोच ठेवला तर मिळकत 5000 आणि 9000 हातचे गेले. अदलाबदल इथे अडते, कारण कार्यक्रम बदलला की भाडंही बदलतं. मग डीपी: अर्ज संपण्याच्या वेळेनुसार लावा आणि प्रत्येकापाशी दोनच पर्याय तोला. हा सोडा, किंवा हा घ्या आणि हा सुरू होईपर्यंत संपलेल्यांतली उत्तम मिळकत त्यात मिळवा. ती जागा बायनरी सर्चने, म्हणजे दरवेळी यादी अर्धी करत, शोधली, तर n अर्जांसाठी एकूण वेळ n log n, म्हणजे ग्रीडीला अर्ज क्रमाने लावायलाच जेवढा लागतो त्याच घरातला. तेव्हा ‘ग्रीडी झटपट, डीपी संथ’ हेही सरसकट खरं नाही.

नकाशावरचा जवळचा रस्ता काढणारी संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राची 1959 सालची पद्धत ग्रीडीच आहे. जवळचं ठिकाण एकदा पक्कं केलं की ती मागे वळून पाहत नाही. पणजी-मडगाव अंतरं कधी ऋण नसतात, म्हणून तिथे ते चालून जातं. एखाद्या दुव्याची किंमत ऋण असली, तर पक्क्या केलेल्या ठिकाणाला नंतर आणखी स्वस्त वाट सापडू शकते. तिथे बेलमन-फोर्ड ही दुसरी पद्धत लागते. तीत डीपीसारखीच आधीची उत्तरं पुन्हा पुन्हा सुधारत नेतात आणि त्यासाठी जास्त वेळ मोजावा लागतो.