दिलासा स्टोइकांचा की सार्त्रचा?

नोकरी गेली, लग्न मोडलं, परीक्षेत पुन्हा नापास झालो, की कुणीतरी हमखास ऐकवतं: 'घडतं ते आपल्या हातात नसतं, त्याला सामोरं कसं जायचं ते असतं.' हे वाक्य कधी स्टोइकांच्या, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधल्या एका तत्त्वज्ञपंथाच्या नावावर खपतं, कधी अस्तित्ववाद्यांच्या, म्हणजे जगण्याला अर्थ आपणच द्यायचा असं मानणाऱ्या विसाव्या शतकातल्या विचारवंतांच्या. दोघेही त्याला मान डोलावतील. पण ते कशाच्या भरवशावर म्हणायचं, हे विचारलं की दोघांचं फाटतं.

स्टोइक एपिक्टेटस गुलामीत वाढला, पुढे तत्त्वज्ञानाचा शिक्षक झाला. तो सांगतो, तू नाटकातला नट आहेस. भूमिका गरिबाची की अधिकाऱ्याची, नाटक छोटं की मोठं, हे लेखक ठरवतो. मिळालेली भूमिका चोख वठवणं एवढंच तुझं काम. विश्व विवेकाने चालतं आणि आपला पराभवही त्यात कुठेतरी बसतो, ही स्टोइकांची श्रद्धा. सोशल मीडियावरचा स्टोइसिझम नेमकी तीच गाळतो आणि 'कंट्रोल'चं तेवढं बोलतो.

फ्रेंच अस्तित्ववादी सार्त्रच्या जगात नाटककारच नाही. १९४३च्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये त्याने कॅफेतला एक वेटर रंगवलाय. जरा जास्तच चपळ, जरा जास्तच अदबशीर. दगड जसा दगड असतो तसं आपण वेटरच आहोत, असं तो भासवू पाहतो. एपिक्टेटसने कदाचित त्याची पाठ थोपटली असती. सार्त्र याला आत्मवंचना म्हणतो. 'मी अपयशीच माणूस' हे वाक्यही त्याच जातीचं. अपयश आलं हे खरं, आणि ते नाकारणं हीदेखील आत्मवंचनाच. पण त्या अपयशात आपण संपत नाही.

१९४५च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात सार्त्रने कैदेत भेटलेल्या एका जेसुइटाची, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक धर्मसंघातल्या माणसाची गोष्ट सांगितली. वडील लवकर गेले, घरी गरिबी, शाळेत शिष्यवृत्तीचे उपकार जाणवत राहिले, अठराव्या वर्षाच्या सुमारास प्रेमभंग, बाविसाव्या वर्षी लष्करी परीक्षेत नापास. त्याने यात देवाची खूण पाहिली आणि तो या धर्मसंघात गेला. सार्त्रचं म्हणणं, खुणेचा अर्थ लावला तो त्यानेच. दुसरा कुणी याच घटनांवरून सुतार झाला असता, किंवा क्रांतिकारक.

मला हा दिलासा जास्त प्रामाणिक वाटतो, पण तो महाग आहे. स्टोइकांना मन शांत हवं असतं. सार्त्र अस्वस्थता तशीच ठेवतो, वर जबाबदारीही टाकतो. जखम ताजी असताना 'निवड तुझीच' हे सांत्वनापेक्षा आरोपासारखंच जास्त ऐकू येतं. इथे सार्त्रची सहचरी आणि स्वतः अस्तित्ववादी विचारवंत असलेल्या सिमोन द बोव्हारचं ऐकावं. परिस्थिती स्वातंत्र्याला कशी आवळते, याकडे तिचं लक्ष जास्त होतं. १९४७च्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात ती दाखवते की काही माणसांना इतरांनी असं जखडलेलं असतं की बंड करण्याची शक्यताही त्यांना दिसत नाही. अशांना 'दृष्टिकोन बदला' सांगणं तिच्या हिशेबात बसत नाही. तिथे जखडणाऱ्यांशी भांडावं लागतं.