लेखकगृह-संग्रहालय

लेखक जेथे राहिला आणि लिहिता झाला ते घर, आतील सामानसुमान व भोवतीचा परिसर शक्य तितका त्याच्या हयातीतल्यासारखा राखून लोकांना पाहण्यास खुला केला, म्हणजे त्या वास्तूस लेखकगृह-संग्रहालय म्हणतात. अशा घरी येणारा वाचक बहुधा लेखकाचे मेज, खुर्ची व पुस्तकांची कपाटे शोधतो. परंतु ‘जसेच्या तसे’ दिसणारे हे घर पुष्कळदा नव्याने मांडलेले असते, याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते.

रशियातील तुला शहराजवळचे यास्नाया पोल्याना हे लिओ टॉलस्टॉय यांचे ग्रामीण निवासस्थान १९२१ मध्ये संग्रहालय झाले. ‘युद्ध आणि शांती’ येथेच लिहिली गेली. सुमारे २२,००० ग्रंथांचा संग्रह हे या घराचे वैभव होय. १९४१ मध्ये जर्मन सैन्य जवळ येताच येथील बराचसा ठेवा सायबीरियातील तोम्स्क येथे हलविण्यात आला व नंतर परत आणून मांडण्यात आला. जवळच्या राईत टॉलस्टॉय यांची समाधी आहे: नाव नाही, क्रूस नाही, केवळ गवताने झाकलेला मातीचा उंचवटा.

टॉलस्टॉय यांना गुरुस्थानी मानणाऱ्या महात्मा गांधींची सेवाग्राम येथील कुटी नागपूरहून सुमारे ७५ किमी. अंतरावर आहे. माती, बांबू आणि कौले यांची ही वास्तू रूढ अर्थाने लेखकगृह नव्हे. तथापि ‘हरिजन’मधील कितीतरी लेख येथे लिहिले गेले. येथे पाहण्याजोग्या वस्तू मोजक्याच आहेत, आणि घराचे खरे दर्शन त्या उणेपणातच घडते.

नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात मात्र वस्तू आहेत, घर नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी झाले. तेथे आता ग्रंथाच्या आकाराचे स्मारक उभे आहे. त्यांचे टंकलेखन यंत्र, कपडे व नित्य वापराच्या इतर वस्तू त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपल्या होत्या. नागपूरच्या धर्मांतर सोहळ्याचे एक प्रमुख संयोजक वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नाने त्या चिचोलीस आल्या. बाबासाहेब या वास्तूत कधीच राहिले नाहीत. तरीही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर आलेल्यांपैकी अनेकजण पुढे या गावाची वाट धरतात.