लहान भांड्यात कासव लहानच राहतं?

लाल कानाचं कासव काचेच्या वाडग्यात ठेवलं की रुपयाएवढंच राहतं, असं विकणारेही बिनदिक्कत सांगतात. हे साफ खोटं आहे. वाढ खुंटते ती उपासमारीने आणि ऊन न मिळाल्याने. कवच मऊ पडतं, वाकडं होतं. नीट सांभाळलेली मादी 25 ते 30 सेंटिमीटरची होते, 20-30 वर्षं जगते.

नवं पिल्लू पहिले काही दिवस खात नाही. तेवढे दिवस त्याला हाताळू नका. पाणी कवचाच्या लांबीच्या किमान दुप्पट खोल, 25-27 अंश, फिल्टर लावलेलं. वर अंग पूर्ण कोरडं करता येईल असा दगड, तिथे 32 ते 35 अंश उष्णता देणारा दिवा. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा दिवाही लावाच: खिडकीच्या काचेतून ते किरण जवळजवळ येतच नाहीत आणि त्यांच्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलं तर अ जीवनसत्त्वाअभावी पापण्या सुजतात. कासवांसाठीचं गोळी-खाद्य आणि हिरवा पालाही द्या.

मोठं झालं म्हणून तलावात सोडू नका, कृपा करून. ही जात मूळची अमेरिकेतली. इथल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा ती बळकावते.