गिनीपिगचे घरगुती संगोपन

गिनीपिग (शास्त्रीय नाव केव्हिया पोर्सेलस) हा कृंतक गणातील प्राणी दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतप्रदेशात हजारो वर्षांपूर्वी मांसासाठी माणसाळवला गेला. सोळाव्या शतकात तो युरोपात पोहोचला आणि पुढे पाळीव प्राणी म्हणून जगभर रुळला. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणतः ७०० ते १,२०० ग्रॅम भरते आणि आयुष्य ५ ते ८ वर्षांचे असते. लहान मुलांना सांभाळायला सोपा अशी त्याची ख्याती आहे. ती अर्धीच खरी आहे, कारण तो क्वचितच चावत असला, तरी खाण्यापिण्याच्या बाबतीत बराच नाजूक असतो.

गिनीपिगचे दात आयुष्यभर वाढतात आणि आतड्यांची हालचाल तंतुमय अन्नावर चालू राहते. म्हणून सुके गवत त्याच्यापुढे दिवसरात्र असावे लागते. महाराष्ट्रात चाऱ्याच्या दुकानात लसूणघास सहज मिळतो, परंतु त्यात कॅल्शियम अधिक असल्याने प्रौढ प्राण्याला तो रोज घातल्यास मूत्राशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पिल्लांना व गाभण मादीला मात्र तो चालतो. पावसाळ्यात गवताला बुरशी धरते, तेव्हा कुबट वास येणारी जुडी सरळ टाकून द्यावी. पोळी, बिस्किटे, कांदा, लसूण व बटाटा देऊ नये.

माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्हीसारखा रोग दाखवून दिला, आणि या रोगाच्या अभ्यासाला त्यातून नवी दिशा मिळाली. रोजची गरज दर किलो वजनामागे सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम असते. ढोबळी मिरचीच्या एक-दोन फोडी आणि थोडी कोथिंबीर यांतून ती बहुधा भागते. पाण्यात मिसळलेले जीवनसत्त्व लवकर निकामी होते, म्हणून त्यावर विसंबू नये. केस विस्कटलेले दिसणे, सांधे सुजणे आणि चालायला टाळाटाळ करणे ही कमतरतेची लक्षणे आहेत.

हा प्राणी कळपात राहणारा असल्याने तो एकटा ठेवू नये. स्वित्झर्लंडमध्ये तर तसे ठेवण्यास कायद्यानेच मनाई आहे. जोडीसाठी किमान ७.५ चौरस फूट सपाट, सावलीतील जागा लागते. पायांना जखमा होऊ नयेत म्हणून जाळीचा तळ टाळावा. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पिंजरा गच्चीवर किंवा बंद बाल्कनीत ठेवणे जिवावर बेतू शकते. नर सुमारे तीन आठवड्यांतच प्रजननक्षम होतो, म्हणून पिल्ले वेळीच वेगळी करावीत. मादीची पहिली वीण सहा-सात महिन्यांनंतर झाल्यास श्रोणीची हाडे घट्ट जुळलेली असल्यामुळे प्रसूती अडण्याची भीती असते.

आजार लपवण्याची या प्राण्याची सवय लक्षात घेता स्वयंपाकघरातील काट्यावर दर आठवड्याला वजन करणे उपयुक्त ठरते. काही तास अन्नाला तोंड न लावणे ही तातडीची बाब समजून पशुवैद्य गाठावा. पेनिसिलीन किंवा अमॉक्सिसिलीन घरातील औषधांच्या डब्यातून काढून पाजणे घातक ठरते, कारण त्याने आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि विषारी जिवाणू माजतात.