ट्विडलमफ

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या व्यक्तीच्या हातांना चाळा म्हणून दिली जाणारी, लोकरीने विणलेली नळी. तिची दोन्ही टोके उघडी असतात. आतून व बाहेरून बटणे, फिती, मोठे मणी, गोंडे, चेन (झिप) अशा चाचपण्याजोग्या वस्तू घट्ट शिवलेल्या असतात. ब्रिटनमधील रुग्णालयांत व वृद्धनिवासांत ती विशेष प्रचलित आहे. मांडीवर पसरायचा चाळापट व कमरेला बांधायचा ॲप्रन ही तिचीच भावंडे.

नाव व उगम : मफ म्हणजे थंडीत दोन्ही हात खुपसून ठेवण्याची, बहुधा फरची नळी. यूरोपात ती सु. सोळाव्या शतकापासून वापरात दिसते. वेन्सेस्लाउस होलर याच्या १६४० च्या दशकातील कोरीव चित्रांत तर तिचा केस न् केस मोजता येतो. हा शब्द डचमार्गे फ्रेंच ‘मूफ्ल’ (बोटे वेगळी नसलेला हातमोजा) आणि त्यामागे मध्ययुगीन लॅटिन ‘मुफुला’ येथपर्यंत नेतात. ‘ट्विडल’ म्हणजे वस्तू बोटांनी उगाच फिरवत बसणे. त्याची व्युत्पत्ती निश्चित नाही. तो ध्वन्यनुकारी असावा असेही म्हणता येईल, पण ‘ट्विस्ट’ वा ‘ट्वर्ल’ आणि ‘फिडल’ यांच्या सरमिसळीतून तो आला हे मत अधिक पटते.

आजच्या अर्थाच्या वस्तूचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील मार्गारेट लाइट यांना दिले जाते. १९९० च्या दशकात त्यांनी आपल्या आजीसाठी ती तयार केली, असे सांगतात. घरी विणण्याचा सध्याचा साचा मात्र ब्रिटनमधील हौशी विणणाऱ्यांनी, मुख्यतः २०१० च्या दशकात, रूढ केला. स्पर्शासाठीच कलावस्तू घडवण्याची कल्पना याहून जुनी आहे. इटालियन कवी मारिनेत्ती याने १९२१ मध्ये स्पर्शवादाचा जाहीरनामा मांडला आणि स्पंज, काचकागद, रेशीम, मखमल, पिसे लावलेला ‘सुदान-पॅरिस’ हा फलक केला. परंतु हे साम्य झाले, वंशावळ नव्हे. १९७० च्या दशकात नेदरलँड्समध्ये यान हुल्सेग्गे व आट फेरहॉल यांनी रूढ केलेल्या ‘स्नूझलन’ या बहुसंवेदी खोलीच्या (प्रकाश, आवाज, वास व स्पर्श यांनी इंद्रियांना चेतना देणाऱ्या) पद्धतीशी तिचे नाते त्या मानाने जवळचे आहे.

हातच का : अल्झायमर रोगात नवी स्मृती लवकर ढासळते. स्पर्श व हालचाल यांची मेंदूतील प्राथमिक क्षेत्रे मात्र तुलनेने उशिरा बाधित होतात. बटण लावणे, गाठ सोडणे, कापडाची घडी घालणे या अंगवळणी पडलेल्या क्रिया म्हणूनच बराच काळ टिकतात. हात रिकामे राहिले की पांघरूण चिमटणे, कपडे ओढणे, सलाईनची नळी उपसणे सुरू होते. येथे एक सावधगिरी हवी. अंथरूण चिमटण्याचे लक्षण प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्या परंपरेतील ग्रंथांतही अशुभ म्हणून नोंदले आहे. ते एक-दोन दिवसांत अचानक उद्‌भवले, तर तो डिमेन्शियाचा चाळा नसून जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, तुंबलेली लघवी किंवा औषधामुळे आलेला संभ्रम (डेलिरियम) असू शकतो. अशा वेळी आधी डॉक्टर, मग मफ.

रचना : प्रचलित नमुन्यात ८ मिमी. सुयांवर ४५ टाके घालतात. जाड लोकर एकेरी किंवा साधी लोकर दुहेरी घेऊन एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी ११ इंचांपर्यंत (सु. २८ सेंमी.) एकसारखी वीण घालतात. पुढे वेगवेगळ्या पोताच्या उरल्यासुरल्या लोकरी जोडत २३ इंचांवर (सु. ५८ सेंमी.) टाके बंद करतात. लांब कडा जोडल्या की नळी होते. साधा अर्धा भाग अस्तर, पोतदार अर्धा भाग दर्शनी. सजावट याच टप्प्यावर शिवायची. त्यानंतर साधा भाग आत ढकलून दोन्ही तोंडे एकमेकांना शिवतात, म्हणजे सर्व गाठी दोन थरांमध्ये बंद होतात. आधी तोंडे शिवून नंतर बटणे लावल्यास गाठी आतल्या बाजूला उघड्या राहतात आणि बोटे त्याच उकलत बसतात.

बिघडते ते बहुधा शिवणीत. बटण लोकरीने न लावता मजबूत दोऱ्याने, विणीच्या मागे कापडाचा तुकडा घेऊन लावावे, नाहीतर वीण ताणली जाऊन ते सुटते. काही रुग्ण हाती येईल ते तोंडात घालतात, म्हणून लहान मणी टाळावेत. चुंबक व बटण-बॅटरी तर कधीच नकोत. फिती आखूड ठेवाव्यात. लांब फीत गळ्याला किंवा बोटाला वेढे घेते. वेल्क्रोची काटेरी बाजू वृद्धांच्या पातळ त्वचेला ओरखडते. शुद्ध लोकर गरम पाण्यात आटते व नमद्यासारखी घट्ट होते, त्यामुळे ॲक्रिलिक बरी. गजबजलेली काळी नक्षी किडे असल्याचा भास देऊ शकते.

वापर : एक मफ एकाच रुग्णासाठी ठेवतात. धुऊन दुसऱ्याला देण्यापेक्षा तो त्याच्याबरोबर घरी पाठवणे संसर्गाच्या दृष्टीने सोयीचे. हात केव्हाही बाहेर काढता येतो, म्हणून बांधीव हातमोज्याप्रमाणे हे बंधन ठरत नाही. तोंड आवळून शिवले, तर मात्र ठरते. खेळणे हातात कोंबल्यासारखे दिले की काही जण ते संतापाने फेकतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. शिंप्याला टेप व चेन, इलेक्ट्रिशियनला स्विच, असे पूर्वायुष्याला धरून दिलेले साहित्य अधिक काळ हातात राहते.

उपयोगाविषयीचा पुरावा तोकडा आहे. स्नूझलनवरील २००२ च्या कॉक्रन (वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित मूल्यमापन करणारी संस्था) आढाव्यालाही डिमेन्शियातील परिणामकारकतेचा पुरावा सापडला नव्हता.

कोकण, मुंबई व गोवा येथील दमट हवेत लोकरीच्या नळीत हात घामाने भिजतात. तेथे सुती चाळापटच योग्य. जुन्या लुगड्याचा काठ, खण व गोधडीचे धावदोऱ्याचे टाके यांचा पोत बोटांच्या ओळखीचा असतो. जरीची सुटी तार तेवढी कापून टाकावी.