शेजारी मेलाय की गेमनेच दोघांची तोंडं बांधलीत?

ऑनलाइन सिटी बिल्डिंग गेम खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली असते, "अरे आजूबाजूला कुणी नाहीच, सगळे डेड." आता या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी खपून जातात. एक म्हणजे शेजारी खरंच इनॲक्टिव्ह आहे, कधीतरी चार घरं बांधली, दोन रस्ते टाकले आणि गेला तो गेलाच. दुसरी म्हणजे शेजारी रोज येतो, नाणी गोळा करतो, बांधकामं लावतो, पण गेमने तुमच्यात आणि त्याच्यात फटच इतकी बारीक ठेवलीय की तो आला काय नि न आला काय, तुमच्या स्क्रीनवर काही फरक पडत नाही. वरून दोन्हीकडे सेम शांतता. पण पहिल्यात दुसरी माणसं शोधली की काम होतं, दुसऱ्यात कितीही शेजारी बदला, काही होणार नाही, आणि लोक नेमके तिथेच महिनोन्‌महिने घालवतात.

एल्व्हेनारच घ्या, कारण त्यात दोन्ही प्रकार एकाच नकाशावर सापडतात. जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या इनोगेम्स कंपनीचा 2015 मधला गेम, एल्फ किंवा मानव निवडायचं, शहर वाढवायचं, स्काउट म्हणजे टेहळ्या पाठवून आजूबाजूचे प्रांत शोधायचे आणि शोधता शोधता इतर खेळाडूंची शहरं उघडत जातात. शेजार तुम्ही निवडत नाही, गेम एका जागी बसवतो, आणि मनात आलं म्हणून शहर उचलून दुसरीकडे नेता येत नाही. बरं शेजाऱ्याची गरज का, तर मालासाठी. पहिल्या टप्प्यात संगमरवर, पोलाद आणि फळ्या, दुसऱ्यात क्रिस्टल, स्क्रोल आणि रेशीम, तिसऱ्यात एलिक्सर, मॅजिक डस्ट आणि जेम्स, आणि प्रत्येक टप्प्यातल्या तिघांपैकी एकाच मालाला तुमच्या शहरात बूस्ट मिळतो, म्हणजे तो जास्त बनतो. उरलेले दोन स्वतः बनवत बसलात तर जागाही जाते आणि वेळही, म्हणून ट्रेड करावाच लागतो. म्हणजे माणूस लागतो हे गेमच्या गणितातच आहे, हौस म्हणून नाही.

आता शेजारी खरंच मेलेले असतील तर काय होतं बघा. ट्रेडरमध्ये, म्हणजे गेममधल्या बाजारात, ऑफर कमी दिसतात, दिसतात त्या लांबच्या, तुम्ही अजून न शोधलेल्या शहरांच्या, आणि तसल्यांशी व्यवहार केला की वर 50 टक्के फी. म्हणजे जिथे 100 द्यायचे तिथे 150 द्या. नाहीतर ट्रेडरमध्येच होलसेलर बसलाय, तो माल देतो पण भाव असा की एकदा घेतला की पुन्हा जायची इच्छा होत नाही, शिवाय घेत गेलात की भाव चढतो. आणि सगळ्यात गंमत म्हणजे सोन्याच्या खाणी. नकाशावर ज्या जागी खेळाडू नसतो तिथे बऱ्याचदा खाण दिसते, त्यातून नाणी मिळतात. नवीन माणसाला वाटतं वा, काय नशीब, चारही बाजूंनी सोनं! आणि जुना खेळाडू त्याच खाणी बघून कपाळाला हात लावतो, कारण खाण रेशीम विकत नाही.

हा झाला खरा इनॲक्टिव्ह शेजार. नुकसान मोजता येतं, फीमध्ये दिसतं.

दुसरा प्रकार मात्र मोजता येत नाही, म्हणून जास्त छळतो. एल्व्हेनारमध्ये शेजाऱ्यासाठी तुम्ही करू शकता काय? त्याच्या शहरात जाऊन मदत, मेन हॉलला नाणी, नाहीतर बिल्डरला वेग, नाहीतर एखाद्या कल्चर बिल्डिंगला चमक, तीही त्याच शहरात दिवसातून एकदाच. मग ट्रेड. मग मेसेज. संपलं. हल्ला नाही, चोरी नाही, "घे रे दोनशे फळ्या, नंतर दे" असं उधारउसनंही नाही. ट्रेडसुद्धा कसा, तर एकाने ऑफर टाकून झोपायचं, दुसऱ्याने कधीतरी येऊन बटण दाबायचं, दोघं एका वेळी ऑनलाइन असायची गरजच नाही. त्यामुळे रोज तास तास खेळणारा पक्का ॲक्टिव्ह शेजारीसुद्धा तुमच्यासाठी नोटिफिकेशनमधली एक ओळ असतो फक्त.

आणि बऱ्याचदा तेवढीही ओळ येत नाही, कारण तो फेलोशिपमध्ये असतो. फेलोशिप म्हणजे या गेममधला गट, जास्तीत जास्त 25 जणांचा. त्याचे बाकीचे 24 त्याला रोज मदत करतात, माल बदलून देतात, टूर्नामेंट एकत्र खेळतात, मग बाजूच्या अनोळखी शहराची त्याला गरज काय? तो जिवंत आहे, खूश आहे, फक्त तुमच्याकडे बघत नाही. याला इनॲक्टिव्ह म्हणणं म्हणजे अन्यायच झाला.

मग ओळखायचं कसं. मदत परत आली नाही हा पुरावा धरू नका, वर म्हटलं तसं लोक फक्त आपल्या गटालाच देतात. मेसेजला उत्तर नाही हाही पुरावा नाही, खूप जण मेसेज उघडतच नाहीत (किंवा भाषेचा प्रश्न असतो, आपल्याकडचा माणूस बहुतेक इंग्रजी सर्व्हरवर खेळतो आणि समोरचा कुठला असेल सांगता येत नाही). बघायचं ते रँकिंग. त्याचे पॉइंट्स आज लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी बघा. तुमच्यासारख्या छोट्या शहराचे पॉइंट्स दोन आठवडे तस्सेच राहिले तर माणूस येत नाही हे जवळजवळ नक्की, कारण एक घर जरी अपग्रेड केलं तरी आकडा हलतो. मोठ्या शहरांचं जरा वेगळं, तिथे एकेक अपग्रेड महाग असतं आणि काही जण मुद्दाम शहर वाढवत नाहीत, म्हणून तिथे टूर्नामेंट बघा, गेल्या काही आठवड्यांत काही केलंय का. आणि शहरात जाऊन एक नजर टाका, बांधकाम चालू आहे का, मागच्या वेळी होतं तेच मांडलंय का. आणि हो, घड्याळ. आपण रात्री दहाला जेवण आटपून बसतो तेव्हा उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये दुपारचे साडेबारा असतात, तो ऑफिसात. तो खेळायला बसतो तेव्हा आपण घोरत असतो. "मी असतो तेव्हा कुणीच नसतं" यातल्या निम्म्या तक्रारी इतक्याच असाव्यात असं मला वाटतं.

दोन्हींची सरमिसळ सगळ्यात वाईट कुठे झाली असेल तर मॅक्सिस कंपनीच्या 2013 च्या सिमसिटीत. आधीचे सिमसिटी मुख्यतः एकट्याने खेळायचे, याला इंटरनेट सक्तीचं केलं, कारण काय तर रीजन. एका रीजनमध्ये अनेक शहरं, मोठ्या रीजनमध्ये 16 पर्यंत, प्रत्येक शहर वेगळ्या माणसाचं, एकाने वीज विकायची, दुसऱ्याने कचरा उचलायचा, सगळ्यांनी मिळून विमानतळासारखा ग्रेट वर्क उभा करायचा. कागदावर भारीच. पण शेजारी खेळत नसेल तेव्हा त्याचं शहर थिजलेलं असायचं, काळच पुढे सरकायचा नाही, आणि तरी त्याची शिल्लक वीज, कचऱ्याच्या गाड्या वगैरे शेवटच्या स्थितीप्रमाणे तुम्हाला मिळत राहायच्या. सोसायटीत एनआरआयचा बंद फ्लॅट असतो ना, मेंटेनन्स वेळेवर जमा होतो पण लिफ्टच्या मीटिंगला कुणी येत नाही, अगदी तसं. रोजचं भागतं, मोठं काम अडतं, कारण ग्रेट वर्कला माल पाठवायला तिकडे कुणीतरी बसलेलं हवं. मालकाने शहर रीतसर सोडलं तर ते दुसऱ्याला घेता यायचं, पण किती लोक गेम सोडताना आठवणीने राजीनामा देऊन जातात? नुसते यायचे बंद होतात. आणि मग लोक म्हणायचे शेजारी खराब मिळाले, पण शहर जेमतेम दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटर, त्यात सगळं बसवणं अशक्य, म्हणजे शेजाऱ्यावर अवलंबून राहणं डिझाइननेच लादलेलं आणि तो गेला तर काय याचं नीट उत्तरच नाही. इथे इनॲक्टिव्ह शेजारी हा दोष नव्हताच, तो तर कुठल्याही गेममध्ये असणार, दोष त्याच्या जाण्याची तयारी नसण्यात होता. शेवटी मार्च 2014 मध्ये ऑफलाइन मोड दिला, एकच माणूस सगळं रीजन खेळू शकेल असा. आणि 2015 मध्ये सिटीज: स्कायलाइन्स आला, फिनलंडच्या कलोसल ऑर्डरचा, मोठा नकाशा आणि एकट्यानेच खेळा, तर लोकांनी तो डोक्यावर घेतला. शेजारीच नाही तर शेजाऱ्याची तक्रारही नाही.

उलटा प्रकारही आहे, मेलेल्याला जिवंत दाखवायचा. झिंगाचं सिटीव्हिल 2010 च्या शेवटी फेसबुकवर आलं तेव्हा नवीन माणसाला पहिल्या दिवशीच एक शेजारीण तयार मिळायची, सामंथा. खरी बाई नाही, गेमचंच पात्र. 'हे डे' (Hay Day) या शेतीच्या गेममध्ये ग्रेग आहे, सिमसिटी बिल्डइटमध्ये डॅनियल. हे लोक कधी गेम सोडत नाहीत, परीक्षा आली म्हणून गायब होत नाहीत. कंपन्यांना पक्कं माहीत असतं की खरे शेजारी टिकणार नाहीत, म्हणून किमान एक कायमचा ठेवायचा. यात लबाडी आहे असं मी म्हणणार नाही, पण सिटीव्हिलसारख्या गेममध्ये पुढे जागा वाढवायची, सरकारी इमारतीत माणसं भरायची तर खरे मित्र लागायचे नाहीतर पैसे मोजायचे, आणि तिथे सामंथा काही कामाची नव्हती. म्हणजे तिथे मित्र इनॲक्टिव्ह झाला की थेट खिशाला चटका. असल्या गेममध्ये "शेजारी मेला" आणि "इंटरॲक्शन कमी" यातला फरक धंद्याशी जोडलेला असतो, म्हणून तो मुद्दाम धूसर ठेवला जातो असा माझा तरी संशय आहे.

आणि सगळेच मेलेल्या शेजाऱ्यावर चिडतात असंही नाही. इनोगेम्सचाच 2012 चा फोर्ज ऑफ एम्पायर्स बघा. तिथे शेजारपाजारात सुमारे 80 जण, आणि शेजाऱ्यावर हल्ला करून त्याचं तयार पडलेलं उत्पादन लुटता येतं. तिथे इनॲक्टिव्ह शेजारी म्हणजे मेजवानी, संरक्षणाला खूपदा नुसते दोन भालेवाले, लुटलं तरी उलटून येणार नाही. भीती असते ती ॲक्टिव्हची, जो रोज नेमका तुमचा माल तयार व्हायच्या वेळेला हजर होतो. त्यावर उपाय पण छान आहे, मोटिव्हेट केलेली, म्हणजे दुसऱ्या खेळाडूने येऊन मदत दिलेली, इमारत लुटता येत नाही, म्हणजे एखाद्याने न बोलता तुमच्या शहरातून फेरी मारली तर तुमचा माल वाचतो. तर "मला जास्त इंटरॲक्शन पाहिजे" म्हणणाऱ्याने आधी ठरवावं कुठली, कारण सकाळी उठून बघितलं तर कुणीतरी लुटून गेलंय ही पण इंटरॲक्शनच.

एल्व्हेनारसारखे गेम हात बांधून ठेवतात याला कारणही आहे. माल फुकट देता आला असता तर लोकांनी दुसऱ्या नावाने अकाउंट काढून सगळा माल पहिल्यात ओतला असता, याला पुशिंग म्हणतात आणि इनोगेम्सच्या नियमात त्याला बंदी आहे. शिवाय हल्ला नाही म्हणून बरेच शांत स्वभावाचे लोक, ऑफिसातून पाच मिनिटं डोकावणारे, तिथे टिकतात. त्यांना चॅटचा गोंगाट नकोच असतो. मला स्वतःला हा मर्यादित प्रकार आवडतो, पण कुणाला कंटाळवाणा वाटला तर तेही बरोबर, फक्त त्याने शेजाऱ्यांना दोष देऊ नये.

आता करायचं काय. पॉइंट्स हलत नाहीत, टूर्नामेंट शून्य, म्हणजे शेजार खरंच मेलाय, तर शेजारावर वेळ घालवू नका आणि तडक चालती फेलोशिप शोधा, फेलोशिपमधल्यांशी ट्रेडला ती जास्तीची फी लागत नाही, नकाशावर ते कुठेही असोत. मात्र 25 नावं भरलेली बघून लगेच आत शिरू नका, तिथेही निम्मे झोपलेले असू शकतात. आधी गटाची टूर्नामेंटमधली कामगिरी बघा आणि आर्चमेजला, म्हणजे तिथल्या प्रमुखाला, सरळ विचारा की महिनाभर न आलेल्याला तुम्ही काढता का, आणि तुमच्या बूस्टचा माल त्यांच्याकडे आधीच ढिगाने आहे का, कारण गटातले सगळेच संगमरवरवाले निघाले तर सगळे ॲक्टिव्ह असूनही तुमचा संगमरवर कुणी घेणार नाही. आणि पॉइंट्स हलतायत, माणसं रोज येतायत, तरी एकटं वाटतंय, तर गट बदलूनही फार फरक पडणार नाही, तुम्हाला दुसरा गेम हवाय, ज्यात लोक एका वेळी समोर असतात.