उझबेकचा ‘ओ’ वाचताना ‘ऑ’ म्हणा

इंग्रजीत स्वर पाच, उझबेकमध्ये सहा, म्हणून उझबेक अवघड, हा हिशेब कुणी मांडला की मी हात जोडतो. अहो, पाच ही अक्षरं झाली! ब्रिटिश इंग्रजीच्या रूढ वर्गीकरणात साधे स्वर 12 आणि जोडस्वर 8, म्हणजे एकूण 20. आजच्या उझबेक रोमन लिपीत सहा स्वर आणि सहाच अक्षरं.

इंग्रजीचं ‘शिप’ आणि ‘शीप’ आपण शाळेत घोकलेलंच आहे. उझबेकमध्ये तसली ह्रस्व-दीर्घाची जोडी नाही. झालं.

ठेच लागते ती ‘ओ’ला. उझबेकमध्ये रोमन ‘ओ’ दोन: एक साधा, दुसऱ्याच्या खांद्यावर उलटा स्वल्पविराम. लोक साध्याला ‘ओ’ वाचतात आणि स्वल्पविराम शोभेचा समजतात. आहे नेमकं उलटं. साधा तो ‘ऑ’: जबडा चांगला उघडा, ओठ किंचित गोल, ब्रिटिश ‘हॉट’मधला. (अमेरिकी ‘हाट’ इथे कामाचं नाही.) स्वल्पविरामवाला तो आपल्या ‘लोक’मधला ‘ओ’. इंग्रजी ‘गो’शी त्याची तुलना करू नका, तो शेवटी ‘उ’कडे घसरतो, उझबेक ‘ओ’ जागचा हलत नाही.

ही चूक साधी नाही. ‘ऑल’ म्हणजे घे, ‘ओल’ म्हणजे मर. चहाचा पियॉला पुढे करताना जरा जपून. ‘ऑत’ म्हणजे घोडा, ‘ओत’ म्हणजे तो खातो ते गवत.

मराठी माणसाला इथे आयती किल्ली आहे. फारसीतला दीर्घ ‘आ’ उझबेकमध्ये बहुतेक ठिकाणी ‘ऑ’ झाला. किताबचं कितॉब, बाजारचं बॉझॉर, नानचं नॉन. 11 जानेवारी 1966 रोजी शास्त्रीजींचं जिथे निधन झालं, ते आपलं ताश्कंद स्थानिकांच्या तोंडी ‘तॉशकेंत’ असतं. रशियनमध्ये तिथे ‘आ’ आहे, तोही चालेल. पण रोमन पाटी पाहून ‘तोशकेंत’ लिहिणाऱ्यांनी कुठली भाषा गाठली, देव जाणे.

थोडा दोष लिपीचाही. आधीच्या सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन वळणाच्या लिपीत, दोन्हींना वेगळी अक्षरं होती. 1993च्या रोमन लिपीत ‘ओ’वर दोन ठिपके दिले होते, 1995मध्ये ते काढून हा स्वल्पविराम आणला. मला ठिपकेच बरे वाटतात. मोबाईलवर घाईत टाईप करताना स्वल्पविराम गळतो, आणि मग ‘घे’ आणि ‘मर’ एकसारखेच दिसतात.